राजापूरचे खासदार, मुंबईमार्गे

२००९ची लोकसभा निवडणूक आली तेव्हा मतदारसंघांच्या यादीत ‘राजापूर’ हे नाव उरलं नव्हतं. आदल्या वर्षी लागू झालेल्या पुनर्रचनेत ते गेलं. १९५७ ते २००४ या काळात तिथे तेरा निवडणुका झाल्या आणि त्या तेरांत मिळून खासदार झाले फक्त चार: नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. माणूस एकदा पसंत पडला की कोकणी मतदार त्याला सहसा सोडत नाही, असं या यादीवरून वाटतं. पण माणसांऐवजी पक्ष बघितले तर चित्र पालटतं. चौतीस वर्षं समाजवाद्यांच्या हातात असलेली जागा एकदा काँग्रेसकडे गेली आणि पाच वर्षांत शिवसेनेची झाली. तीही अशी, की समाजवादी तिथे पुन्हा कधी जिंकू शकले नाहीत. याचं उत्तर सावंतवाडी-मालवणात शोधून पुरं सापडत नाही. त्यासाठी मुंबईच्या लालबाग-परळला जावं लागतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते आणि दोन्ही काँग्रेसकडे गेले. १९५७ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं. दक्षिणेकडचा भाग राजापूर या नावाने लढला आणि प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. शेजारच्या रत्नागिरीतून त्याच वर्षी जनसंघाचे प्रेमजी आशर जिंकले, यावरून काँग्रेसविरोधी लाट किती सर्वव्यापी होती ते कळावं.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. त्यांच्या वक्तृत्वाचं कौतुक इतकं झालं आहे की त्यांचं संसदीय काम त्याखाली झाकलं जातं. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही असा निकाल दिला. त्यावर घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणलं ते विरोधी बाकावरच्या या खासदाराने. विधेयक मंजूर होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ला बेळगावात नाथ पै गेले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार घेतला. पुढे आणीबाणीत बेचाळिसावी दुरुस्ती झाली, तेव्हा राजापूरचे नवे खासदार तुरुंगात होते. पैंचा विश्वास संसदेवर होता. ती संसद कोणाच्या मुठीत जाऊ शकते, हे बघायला ते राहिले नाहीत.

नवे खासदार म्हणजे प्रा. मधु दंडवते. जन्माने नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. पैंच्या जागी ते १९७१ला उभे राहिले. महाराष्ट्रात काँग्रेसने ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या तेव्हाही राजापूर दंडवत्यांकडेच राहिलं. १९८४च्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसला ४८ पैकी ४३ मिळाल्या, तरीही राजापूर दंडवत्यांचंच. या मतदारसंघाला लाटेचं वावडं होतं म्हणा ना.

हे कसं जमत होतं? जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुतेक घरांतला एक तरी पुरुष मुंबईला चाकरीला असायचा. गिरणीत, गोदीत, पोलिसांत, शाळेत. गाव त्याच्या मनीऑर्डरवर चालायचं, आणि मनीऑर्डरच्या मागोमाग त्याचं मतही गावी यायचं. मुंबईत एकेका गावाच्या गाळ्यात पंधरा-वीस माणसं राहायची, ग्रामस्थ मंडळाच्या बैठका तिथेच व्हायच्या. गावच्या देवळाच्या कौलांपासून खासदारकीपर्यंतची चर्चा तिथे होऊन गणपतीच्या किंवा शिमग्याच्या एसटीने खाली उतरायची. कामगार संघटना, सेवा दल, शिक्षकांची वर्तुळं अशा समाजवाद्यांच्या जागा मुंबईत शाबूत होत्या तोवर राजापूर शाबूत होतं. १९८०च्या लोकसभेत मधु दंडवते राजापूरचे आणि प्रमिला दंडवते उत्तर-मध्य मुंबईच्या खासदार होत्या. हे निव्वळ जोडप्याचं कौतुक नव्हे. एकाच मतदाराच्या दोन पत्त्यांचं ते प्रतिनिधित्व होतं, असं मी म्हणेन.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव मोडत गेलं. १९८४ला दक्षिण-मध्य मुंबईने दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं, पण गिरण्या काही पहिल्यासारख्या सुरू झाल्या नाहीत. रिकाम्या हाताच्या पोरांना जवळची वाटली ती नाक्यावरची शिवसेनेची शाखा. गाळ्यातली चर्चा बदलली, तशी एसटीतून उतरणारी मतंही बदलली. १९८५ला मुंबईत नगरसेवक झालेले नारायण राणे १९९०ला मालवणचे आमदार झाले. पुढच्याच वर्षी लोकसभेला दंडवते हरले. शिवसेना मैदानात आल्याने मतं फुटली होती आणि जागा काँग्रेसच्या सुधीर सावंतांना मिळाली. १९९६ला ती शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी घेतली.

दंडवत्यांच्या पराभवाची वेळ चमत्कारिक होती. रेल्वेमंत्री म्हणून दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम घातला, हे देशभर लोकांना आठवतं. कोकणाचं देणं मात्र त्याहून मोठं. कोकण रेल्वेची मागणी पैंच्या काळापासूनची. तिचा आपटा-रोहा हा पहिला टप्पा दंडवत्यांच्या मंत्रिपदाच्या काळात मार्गी लागला. १९९०ला जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना स्वतंत्र महामंडळ झालं. ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, २२ टक्के महाराष्ट्राचं, उरलेलं कर्नाटक, केरळ आणि गोव्याचं, आणि बाकी पैसा रोख्यांतून. बोगदे खणले जात असतानाच खासदार पडले. १९९८च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर गाडी धावली, तेव्हा राजापूरची जागा शिवसेनेकडे होती. रूळ टाकल्याबद्दल मतं मिळतातच असं नाही. कोकणात तर नाहीच.

सुरेश प्रभू हे चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. शाखेच्या राजकारणात न वाढलेला, तरी शिवसेनेच्या धनुष्यबाणावर चारदा जिंकलेला माणूस. केंद्रात वीजमंत्री असताना २००२ साली पक्षप्रमुखांच्या आदेशावरून त्यांना पद सोडावं लागलं आणि ते खातं गेलं रत्नागिरीच्या अनंत गीतेंकडे. म्हणजे मंत्रिपद एका मतदारसंघातून उठून शेजारच्या मतदारसंघात बसलं.

पुनर्रचना आली ती २००१च्या जनगणनेवर आणि तिने राजापूरचा हिशेब चुकता केला. माणसं मुंबईत मोजली गेली. रत्नागिरी जिल्ह्याच्या सात विधानसभा जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन. राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही जुने लोकसभा मतदारसंघ मोडले. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या सहा जागांचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. कोकणाने मुंबईला माणसं दिली, त्याची ही वजावट. २०११ला तर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्षात घटली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली.

नव्या मतदारसंघाचा इतिहास अजून तरी एका घराभोवती, राणेंच्या घराभोवती, फिरतो. २००९ला काँग्रेसच्या नीलेश राणेंनी प्रभूंना हरवलं. २०१४ला शिवसेनेच्या विनायक राऊतांनी नीलेश राणेंना सुमारे दीड लाखाने पाडलं आणि २०१९ला पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी. २०२४ला भाजपच्या नारायण राणेंनी राऊतांना जवळपास ४८ हजारांनी हरवून जागा घरात आणली. राऊतही मुंबईमार्गेच आलेले, एके काळचे विलेपार्ल्याचे आमदार. जैतापूरचा अणुप्रकल्प असो की नाणार-बारसूची रिफायनरी, प्रकल्प हवा की नको यावर इथे मोर्चे निघाले, २०१९च्या निवडणुकीआधी नाणारची भूसंपादन अधिसूचना मागेही घेतली गेली. तरी लढत दिसली ती राणे हवेत की नकोत अशीच.

गावात मागे राहिलेल्या बायकांचा खासदारांच्या या यादीत पत्ता नाही. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०७९. शेत, गुरं, सासू-सासरे आणि मतदान केंद्रावरची रांग त्यांनीच सांभाळली. शेजारच्या रत्नागिरीने १९६२ आणि १९६७ला शारदा मुखर्जींना निवडून दिलं होतं. राजापूर आणि त्याच्या जागी आलेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग यांनी मात्र आजवर एकही स्त्री लोकसभेत पाठवलेली नाही. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या राखीव जागा त्यानंतरच्या जनगणनेशी आणि पुनर्रचनेशी बांधल्या आहेत. ती जनगणना २०२७ची. लोकसंख्या कमी झाल्याने कोकणाची जागा आणखी आक्रसेल का आणि ती बाईसाठी राखीव होईल का, हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर येणार आहेत.