नवा कारभारी रुजू होताना

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता पाटस मागे टाकून पुढे निघाला, की माळरानाच्या पार्श्वभूमीवर कारखान्यांची धुराडी दिसू लागतात, आणि ज्या गावाची ओळख पंचक्रोशीत पूर्वापार फिरंगाईमातेच्या ठाण्यामुळे होती, ते कुरकुंभ आता रसायने व औषधद्रव्ये निर्माण करणाऱ्या औद्योगिक वसाहतीमुळे दूरवर ठाऊक झाले आहे, याची साक्ष पटते. एका अंगाला दौंडचे रेल्वे जंक्शन, दुसऱ्या अंगाला बारामतीची वाट, भोवती उसाचे मळे आणि मधून अहोरात्र वाहणारी मालमोटारींची रांग, अशा या ठिकाणी संगणक हे यंत्र कोणा एका वर्गाचे राहिलेले नाही. वजनकाट्याच्या खोलीत ते आहे, वाहतूकदाराच्या बिल्टीच्या टेबलावर आहे, औषधाच्या दुकानात आहे, पतसंस्थेच्या गल्ल्यामागे आहे. आणि ज्या सेवा केंद्रात शेतकरी सातबाऱ्याचा उतारा किंवा उत्पन्नाचा दाखला मागण्यास येतो, तेथील सगळा कारभार तर त्याच्याच भरवशावर चालतो.

ही यंत्रे अडली म्हणजे ज्यांच्या दुकानात आणली जातात, त्या दुरुस्तीकारांच्या विद्येतील एका कठीण प्रकरणाचा परिचय करून द्यावा, असे पुष्कळ दिवस मनात होते. ते प्रकरण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे अर्ध्यावर फसलेले अपग्रेड. गिऱ्हाईक आपल्या भाषेत सांगते, ‘दादा, अपडेट अडकलाय,’ किंवा ‘नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत गेलं आणि परत जुनंच आलं’. आणि लागलीच पुढची मागणी असते, ‘फॉरमॅट मारा आणि विंडोज टाकून द्या.’ त्या मागणीला तत्काळ होकार न देणे, येथून या विद्येचा आरंभ होतो.

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाच्या घरातील कारभारी होय. प्रोसेसरचा वेळ कोणाच्या वाट्याला किती जावा, स्मृतीतील जागा कोणाला द्यावी, हार्ड डिस्कवरील दप्तर कोणत्या कप्प्यात ठेवावे, प्रिंटरला कोणता हुकूम सोडावा, ही सगळी व्यवस्था तिच्याकडे असते. जुना कारभारी जाऊन नवा रुजू व्हायचा, परंतु घरातील एकही कागद इकडचा तिकडे व्हायचा नाही, असा अपग्रेडचा करार आहे. दौंडच्या परिसरातील वाचकाला यासाठी दूरचा दृष्टान्त शोधण्याचे कारण नाही. पुण्याकडून येऊन मनमाडच्या दिशेला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंड स्थानकात एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, हे येथील जुन्या प्रवाशांनी अनेकदा पाहिले आहे; इंजिन फिरे, गाडीचे तोंड बदले, परंतु डब्यातील उतारू आपापल्या बाकावर, आपापल्या गाठोड्यासह, जसेच्या तसे बसून राहत. अपग्रेड म्हणजे असे इंजिन बदलणे, आणि फॉरमॅट म्हणजे सगळ्या उतारूंना सामानासकट फलाटावर उतरवून गाडी रिकामी करणे. दोहोंनंतर गाडी चालू लागते हे खरे. पण उतारूंचे काय झाले, हा प्रश्न दुसऱ्या प्रकारातच उभा राहतो.

विंडोजच्या अपग्रेडचे चार टप्पे असतात, आणि त्यांची माहिती असल्यावाचून रोगनिदान अशक्य आहे. पहिल्या टप्प्यात जुनी यंत्रणा चालू असतानाच यंत्राची तपासणी होते, जागा मोजली जाते आणि नव्या फायली एका लपवलेल्या फोल्डरात आणून ठेवल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात संगणक बंद होऊन पुन्हा उठतो, तेव्हा कारभार ना जुन्याकडे असतो ना नव्याकडे; एक छोटी तात्पुरती यंत्रणा मधल्या काळापुरता ताबा घेते, नव्या फायली उलगडते आणि जुन्या कारभाऱ्याचे दप्तर ‘विंडोज.ओल्ड’ या नावाने बांधून बाजूला ठेवते. तिसऱ्या टप्प्यात नवी यंत्रणा प्रथम आपल्या पायांवर उभी राहते आणि पडदा, ध्वनी, जाळे, छपाई अशा प्रत्येक उपकरणाशी त्याच्या ड्रायव्हरमार्फत ओळख करून घेते. चौथ्या टप्प्यात वापरणाऱ्याची कागदपत्रे, प्रोग्राम व सोयी नव्या घरात मांडल्या जातात. या चारांपैकी कोठेही अडखळले, तर केलेले बदल मागे घेऊन जुन्या कारभाऱ्याला पुन्हा गादीवर बसवण्याची तजवीज मुळातच करून ठेवलेली असते. आणि सगळे यथास्थित पार पडले तरीही १० दिवसांपर्यंत परत फिरण्याची मुभा राहते. गिऱ्हाइकाला ‘परत जुनंच आलं’ हा पराभव वाटतो. जाणत्या दुरुस्तीकाराला तो दिलासा असतो, कारण उतारू सुखरूप आहेत एवढे त्यावरून कळते.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, की माघार घेताना यंत्र मुके राहत नाही. ते एक संकेतांक पडद्यावर दाखवते आणि आपल्या रोजनाम्यात प्रत्येक क्षणाची नोंद मागे ठेवते. संकेतांकाचे दोन भाग असतात: पहिला काय घडले ते सांगतो, दुसरा कोठे घडले ते. दुसऱ्या भागाचा आद्य अंक १ असेल तर पहिल्या टप्प्यात, २ असेल तर दुसऱ्यात, ३ असेल तर तिसऱ्यात आणि ४ असेल तर शेवटच्या टप्प्यात गाडी अडली असे समजावे. पहिल्या भागाच्या शेवटी ‘सी१९००१०१’ दिसले, तर संशय बहुधा ड्रायव्हरवर जातो. ‘८००७००७०’ दिसले, तर जागा अपुरी. त्यातील शेवटचे ७० हे षोडशमान पद्धतीतले असून दशमानात ते ११२ होतात, आणि ११२ हा विंडोजच्या कोष्टकात ‘तबकडी भरली’ याचा क्रमांक आहे. ‘पँथर’ नावाच्या फोल्डरातील रोजनामा पुष्कळ लांब असतो. तो शेवटाकडून आरंभाकडे वाचत जाऊन पहिली खरी चूक हुडकावी लागते, कारण तिच्यानंतरच्या शेकडो ओळी हे केवळ तिचे परिणाम असतात. हे काम पंचनाम्यासारखे आहे, आणि पंचनामा होण्यापूर्वी घटनास्थळ धुऊन काढणे कोणत्याही शहाण्या माणसाला मान्य होणार नाही. फॉरमॅट मारणे म्हणजे नेमके तेच.

कारणांची यादी मोठी असली, तरी ती माणसाच्या रोजच्या अनुभवाबाहेरची नाही. विंडोज ७ च्या काळात यंत्राच्या आरंभाच्या सामग्रीसाठी अवघ्या १०० एमबीचा एक राखीव कप्पा राही. तो पुढच्या पिढीला अपुरा पडतो. हार्ड डिस्कचा एखादा भाग झिजलेला असतो, आणि एरवी कधीही न वाचला जाणारा तो कोपरा नेमका अपग्रेडच्या वेळी वाचला जातो. ३२ बिटची यंत्रणा जागच्या जागी ६४ बिटची होऊ शकत नाही. तेथे नव्याने मांडणी करण्यावाचून मार्ग नाही. बोर्डावरील ३ व्होल्टचा बटणाएवढा सेल संपलेला असतो, आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेल्यामुळे इंटरनेटवरील प्रमाणपत्रांची पडताळणी चुकते. विजेचा लपंडाव तर ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. ऐन दुसऱ्या टप्प्यात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली, तर माघारीचा मार्गही कधी कधी बंद होतो. दमट आणि रसायनयुक्त हवेत धातूंच्या संपर्कबिंदूंवर थर चढतो. म्हणून रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दाते शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसणे, हा साधा उपाय दुरुस्तीकार अद्यापही प्रथम करून पाहतो.

मी पाहिलेला एक प्रसंग येथे नमूद करतो. सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचा संगणक विंडोज १० वरून ११ वर जाता जाता तीनदा माघारी आला होता. दुकान म्हणजे जेमतेम दहा फुटी गाळा. टेबलावर स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, हवा मारण्याचा ब्लोअर, चार पेनड्राइव्ह आणि एक रेघी वही. ताई म्हणाल्या, ‘दादा, फॉरमॅटच मारा आता, रोज लोक परत जातायत.’ त्यावर तो तरुण शांतपणे म्हणाला, ‘ताई, आधी बॅकअप घेऊ. मग बघू मारायचं का.’ त्याने बाहेरची हार्ड डिस्क जोडली, लोकांच्या अर्जांची फोल्डरे उतरवून घेतली, उतरलेल्या फायलींपैकी दोन-चार उघडून पाहिल्या, आणि मगच संकेतांक वहीत लिहिला. दुसरा भाग होता ३००१८. म्हणजे तिसऱ्या टप्प्यात एका उपकरणाचा ड्रायव्हर निरुत्तर राहिला होता. त्याने प्रिंटर काढला, अंगठ्याचे यंत्र काढले, आणि संगणकाच्या पाठीमागे वर्षानुवर्षे धूळ खात बसलेले, जुन्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे कुलूप, म्हणजे डोंगल, काढले. रोजनाम्यात त्याच कुलपाच्या ड्रायव्हरचे नाव होते. तो ड्रायव्हर मुळासकट हटवून, केवळ कीबोर्ड व माउस ठेवून त्याने चौथा प्रयत्न केला. पडदा तीनदा काळा झाला, तीनदा उजळला. आणि सायंकाळी ताईंच्या फायली नव्या विंडोजमध्ये जागच्या जागी होत्या. वहीत एक ओळ वाढली: तारीख, यंत्र, अंक, कारण, उपाय.

या कुलपाची हकिकत मराठी माणसाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. संगणकावर मराठी उमटवण्याचे कार्य पुण्याने फार आधी अंगावर घेतले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी यांनी कचेऱ्या, छापखाने आणि वृत्तपत्रे यांना मराठी अक्षर दिले, हे ऋण मोठे आहे. त्या काळी प्रत्येक फॉन्टची सांकेतिक व्यवस्था निराळी असे. पुढे विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली, आणि अक्षर फॉन्टच्या बंधनातून सुटले. तथापि जुन्या व्यवस्थेत टंकलिखित केलेले ठराव, इतिवृत्ते, निमंत्रणे व संहिता अद्याप हजारो यंत्रांवर आहेत. फॉरमॅटनंतर अशी फाइल राहिली आणि फॉन्ट गेला, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन चिन्हांचा अर्थहीन गलबला दिसतो. म्हणून चांगला दुरुस्तीकार फायलींबरोबर फॉन्टांचे फोल्डरही उतरवून घेतो, आणि मालकाला सांगतो की आता हे युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाला आणखी गंभीर रूप येते. औषधद्रव्यांची शुद्धता मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील उपकरणाशी जोडलेला संगणक उपकरणाबरोबरच प्रमाणित केलेला असतो. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तर त्याने दिलेल्या मोजमापाची ग्राह्यता नव्याने सिद्ध करावी लागते. त्यामुळे तेथे अपग्रेड ही एका दुपारची कामगिरी नसून लेखी परवानगी, पूर्वचाचणी, परतीची योजना आणि सहीशिक्क्यांसह पार पडणारी कारवाई असते. ‘चालत्या यंत्राला हात लावू नये’ असे जुने जाणते म्हणतात, त्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धे तथ्य आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विनाशक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. त्याच्या प्रसाराच्या मार्गांपैकी एक, दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न बसवलेल्या विंडोजमधील छिद्र हा होता. उलटपक्षी, १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाच दिवशी निळ्या पडद्यावर आणून सोडली, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. बदल टाळणे आणि बदल अविचाराने करणे, दोन्ही घातक.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे हा विषय आता घरोघरी आला आहे. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, मान्य यादीतील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असूनही बायोसमध्ये निद्रिस्त असते, तेवढे जागे केले की अडथळा दूर होतो. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर हे डिस्कचे कूटलेखन चालू आहे काय ते पाहावे, आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, कारण ती नसली तर स्वतःच्याच घराचे दार मालकाला उघडत नाही. ज्या यंत्राला नवा कारभारी पेलणार नाही, त्यासाठी लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. सी-डॅकची बॉस ही देशी लिनक्स-यंत्रणा २००७ पासून उपलब्ध आहे आणि तिला मराठी येते.

वाचकांना विनंती एवढीच. आपला संगणक नव्या विंडोजवर नेण्यापूर्वी कागदपत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. यंत्र माघारी आले, तर पडद्यावरील संकेतांकाचे मोबाइलवर छायाचित्र काढा, आणि दुरुस्तीकाराकडे जाताना ते बरोबर न्या. फॉरमॅट मारा, असे आपण होऊन सांगू नका. आणि जो दुरुस्तीकार संकेतांक वाचण्यापूर्वीच पेनड्राइव्ह लावतो, त्याला क्षणभर थांबवून ‘बॅकअप घेतलात का?’ एवढे अवश्य विचारा.