जळालेले पोर्ट आणि वाचवता येणारा संगणक

वर्धा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींमध्ये जन्ममृत्यूच्या नोंदी, गृहकर आणि रहिवासी दाखले ही कामे आता संगणकावरून होतात, आणि २०११ साली मंजूर होऊन २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय योजनेने गावोगाव प्रकाशतंतूची जोडणी नेण्याचे काम हाती घेतले असले, तरी कार्यालयातले शेवटचे काही फूट बहुधा तांब्याच्या साध्या केबलीवर आणि संगणकाच्या पाठीमागील एका छोट्या चौकोनी खाचेवर अवलंबून असतात. ही खाच म्हणजे नेटवर्क पोर्ट. जुन्या संगणकांत ते मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटफलकावरच, पक्के जोडलेले असल्यामुळे ते बिघडले की संपूर्ण यंत्र निकामी ठरवण्याकडे कल असतो. हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

पोर्ट जळण्याचे एक मोठे कारण विदर्भाच्या हवामानात आहे. मृगाच्या आधीच्या वादळी पावसात जवळपास वीज कोसळली, की लांबवर ताणलेल्या तांब्याच्या केबलीत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. पोर्टमधील सूक्ष्म ट्रान्सफॉर्मर सुमारे १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवू शकतील असे बनवलेले असतात, परंतु त्यापुढचा धक्का थेट नेटवर्क चिपपर्यंत पोहोचतो. काचेच्या प्रकाशतंतूतून हा धक्का येत नाही, मात्र प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी पेटी विजेवरच चालत असल्याने तिच्या मार्गे तो येऊ शकतो.

पोर्ट खरोखर मेले आहे काय, हे आधी ठरवावे लागते. केबल आणि स्विचमधील जागा बदलून पाहिल्यावरही पोर्टचा दिवा लागत नसेल, तर संगणक बंद करून वीजपुरवठ्याची वायर काही मिनिटे काढून ठेवावी, कारण बंद संगणकातही ही चिप अल्प विजेवर जागी असू शकते आणि अडकलेली चिप अशा विश्रांतीनंतर कधीकधी पूर्ववत होते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केल्यावर जोडणी मिळाली, तर दोष पोर्टचा नसून ड्रायव्हरचा, म्हणजे चिप चालवणाऱ्या आज्ञावलीचा, आहे असे समजावे. अर्धवट बिघाडाची गोष्ट अधिक लक्षणीय आहे: केबलीत तारांच्या चार जोड्या असतात, गिगाबिट वेगाला चारही लागतात, पण १०० मेगाबिट वेगाला पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरील दोनच जोड्या पुरतात, म्हणून उरलेल्यांपैकी एखादी पिन वाकली असेल, तर सेटिंगमध्ये वेग १०० वर बांधून तेच पोर्ट वापरता येते. दाखल्यांच्या कामाला हा वेग भरपूर आहे.

चिपच जळाली असेल, तर स्वतंत्र नेटवर्क कार्ड हा सर्वांत टिकाऊ उपाय होय. मात्र बाजारात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडून आत जुना लांब पीसीआय स्लॉट आहे की आखूड पीसीआय एक्सप्रेस, हे पाहावे, कारण एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. सडपातळ कॅबिनेटला अर्ध्या उंचीची पट्टी लागते. लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टर सोयीचा, पण जुन्या यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिटची असल्याने तेथे गिगाबिटचा पूर्ण वेग मिळणार नाही. कार्ड बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ व्यवस्थेत, ‘ऑनबोर्ड लॅन’ बंद करावे, अन्यथा सदोष चिप यंत्र सुरू होण्यात अडथळा आणू शकते. नव्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे ४८ बिटांचा ओळखक्रमांक, वेगळा असतो, त्यामुळे राउटर किंवा एखादे सॉफ्टवेअर जुन्या क्रमांकाशी बांधलेले असल्यास नवा क्रमांक तेथे नोंदवावा लागतो. चिपमधील शॉर्टमुळे संगणक सुरूच होत नसेल, तर मात्र कार्डाचा उपयोग नाही.

ज्या वर्ध्यातील मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या कामातून जे. सी. कुमारप्पा यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, तेथे अशा दुरुस्तीला काटकसरीहून मोठा अर्थ आहे. संगणक बाद करायचाच असेल, तर त्याचे कारण अधिक गंभीर असावे; १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन थांबले, आणि नवी प्रणाली न पेलणारे जुने यंत्र आहे त्याच प्रणालीवर नेटला जोडून ठेवणे हा जळालेल्या पोर्टपेक्षा मोठा धोका आहे. आणि आभाळ गडगडू लागले की वीजपुरवठ्याच्या प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढून ठेवावी.