अदृश्य विषाचा दृश्य खर्च

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाची क्षमता, असा त्याचा भव्य संकल्प आहे. अशा योजनेचा हिशेब मांडताना वीज, यंत्रसामग्री व व्याज यांचे आकडे सहज हाती येतात. उत्प्रेरकाला होणारी विषबाधा मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच हिशेबातून निसटते.

पाण्याच्या विद्युत अपघटनात हायड्रोजन निर्माण होतो तो ऋणाग्राच्या पृष्ठभागावर. तेथे हायड्रोजनचा आयन इलेक्ट्रॉन स्वीकारतो व क्षणभर धातूला चिकटतो. मग दोन अणूंची जोडी होऊन वायू बाहेर पडतो. प्लॅटिनम या कामी सर्वांत तत्पर, तर पारा कमालीचा मंद. पाण्यात गंधकाची संयुगे किंवा तांबे, पारा यांचे आयन अत्यल्प प्रमाणात असले, तरी ते प्लॅटिनमच्या जागा अडवून बसतात. सर्व धातूला विष द्यावे लागत नाही. अणूंचा वरचा एक थर व्यापला की पुरे. सोन्याच्या मोलाचे अग्र मग शिशाच्या गतीने काम करू लागते.

ही मंदगती भरून काढण्यासाठी विद्युत दाब वाढवावा लागतो. एक किलो हायड्रोजनला सुमारे ५० युनिट वीज लागते. विषबाधेमुळे हा दाब दहा टक्क्यांनी वाढला असे धरले, तर किलोमागे ५ युनिटांचा भुर्दंड पडेल. ५० लाख टनांवर तो २,५०० कोटी युनिटांचा होतो!

हे विष सर्वत्र शत्रूच असते असे नाही. कोरड्या विद्युत घटात नको असलेला हायड्रोजन रोखण्यासाठी जस्तावर पारा योजिला जात असे. उलट, तेलवाहिन्यांतील हायड्रोजन सल्फाइड अणूंची जोडी होऊ देत नाही. ते एकाकी अणू पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात.

तात्पर्य, पाण्याची शुद्धता ही प्रयोगशाळेची चैन नव्हे. ती भांडवलाची राखण आहे. यंत्राच्या खरेदीसाठी अनुदान देणे सोपे असते. पाणी रोज तपासणारा रसायनज्ञ नेमणे आणि त्याचा अहवाल मानणे, हे त्याहून कठीण. यंत्र खरेदीच्या दिवशी टाळलेला हा खर्च पुढे दरमहा विजेच्या देयकातून वसूल होतो, आणि तो अखेर ग्राहकाच्याच माथी बसतो.