एका तारेवरची पेढी

बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानात वडिलांच्या हयातीपर्यंत हिशेबाची जागा कायमची ठरलेली असे. गादी, तक्क्या, पुढे उतरत्या फळीचे मेज, त्यावर कीर्द आणि खतावणी, हाताशी दौत व कमरेला गल्ल्याची किल्ली. दिवाणजी सकाळी त्या गादीवर बसत ते दिवेलागणीस उठत. चोपड्या दुकानाचा उंबरठा ओलांडीत नसत. त्या घरी नेण्याची कल्पनाही त्या काळी कोणास रुचली नसती.

आता चोपडीच चालती झाली आहे. लॅपटॉप नावाच्या दीड किलो वजनाच्या यंत्रात पेढीचे सारे व्यवहार मावतात. आमच्यापैकी पुष्कळ कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत असल्याने धनी मंडळी सायंकाळी घरी परततात आणि उरलेल्या नोंदी घरी बसून पुऱ्या करतात. दुसरे दिवशी तेच यंत्र पिशवीतून पुन्हा दुकानी येते. ही सोय लहान नव्हे. परंतु तिचा मोबदला डोळ्यांना आणि मानेला द्यावा लागतो. चौदा इंची पडद्यावर एका बाजूस टॅलीची खतावणी व दुसऱ्या बाजूस जीएसटीच्या संकेतस्थळावरील खरेदीचा तक्ता ठेवून ताळा घेऊ गेल्यास दोहोंपैकी एकही धड दिसत नाही. शिवाय दुकानी आल्यावर चार्जर, प्रिंटर, माऊस, नेटवर्कची तार, बारकोड वाचणारे यंत्र अशा पाच-सहा तारा जोडाव्यात आणि निघताना सोडवाव्यात, हा नित्यनेम होऊन बसतो. त्यांतील एखादी ऐन वेळी सापडत नाही, हेही नेमाचेच.

या दोन्ही तक्रारींवर एकच उपाय अलीकडे पुष्कळ पेढ्यांवर दिसू लागला आहे. तो म्हणजे मोठा मॉनिटर, पण निव्वळ चित्र दाखविणारा नव्हे. त्याच्या पाठीमागे कीबोर्ड, माऊस, प्रिंटर व नेटवर्क यांच्या तारा कायमच्या खोचून ठेवावयाच्या. लॅपटॉपला मात्र एकच तार लावावयाची. त्या एका तारेतून चित्र पडद्यावर जाते, सारी माहिती ये-जा करते आणि उलट दिशेने वीज येऊन लॅपटॉप भारितही होतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा मॉनिटर म्हणजे अडत्या होय. स्वतः तो काही पिकवीत नाही. पण येणारा-जाणारा सगळा माल त्याच्या ओट्यावरून जातो. अडत्या भला असेल तर शेतकरी आणि खरीददार दोघेही सुखी. त्याचे दुकान अचानक बंद पडले तर दोघांचाही खोळंबा. प्रस्तुत लेखकास या दोन्ही गोष्टींचा अनुभव आहे, तो पुढे येईलच.

ही कल्पना काल-परवाची नव्हे. १९९२ साली ॲपल कंपनीने आपल्या पॉवरबुक ड्युओ या लहान यंत्राबरोबर ड्युओ डॉक नावाची पेटी काढली होती. फीतयंत्रात कॅसेट सरकवावी तसे ते यंत्र पेटीत सरकविले की मेजावरचा पूर्ण संगणक तयार होई. पुढे अनेक कंपन्यांनी आपापल्या बैठका काढल्या, पण एकीची दुसरीला चालत नसे. मॉनिटरलाच ही बैठक करण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे २०११ चा ॲपलचा २७ इंची थंडरबोल्ट डिस्प्ले. त्याच्यातून निघणाऱ्या तारेला शेवटी दोन फाटे होते, एक माहितीचा व एक विजेचा. ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सी या चोवीस टाचण्यांच्या, कोणत्याही बाजूने लागणाऱ्या जोडणीचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ते दोन फाटे एक झाले. युरोपीय संघाने तर २८ एप्रिल २०२६ पासून तेथे विकावयाच्या नव्या लॅपटॉपांना याच जोडणीने भारित होण्याचे बंधन घातले. तेव्हा या तारेवर खर्चिलेला पैसा लवकर वाया जाणारा नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु तोंड एकसारखे दिसले म्हणून पोटातला माल एकसारखा नसतो, आणि येथेच आमचे बंधू फसतात. यूएसबी-सीच्या आकाराचे छिद्र लॅपटॉपला आहे, एवढ्यावरून त्यातून चित्र जाईलच असे नाही. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांत ते केवळ माहितीपुरते असते. छिद्राशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह अथवा थंडरबोल्टची वीज कोरलेली आहे का, हे आधी पाहावे; नसल्यास यंत्राच्या माहितीपत्रकात शोधावे. तसेच मोबाइलबरोबर मिळालेली तार पुष्कळदा केवळ भारित करण्यापुरती व मंद माहितीपुरती असते. ती लावून पडदा काळा राहिला म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नसतो. मॉनिटरच्या खोक्यातील तार निराळी ओळखू यावी म्हणून तिला रंगीत दोरा बांधून ठेवणे उत्तम. आमच्याकडे तांबडा बांधला आहे.

विजेचाही हिशेब आहे. साधी तार ३ अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. ५ अँपिअर वाहणाऱ्या तारेत ओळख पटविणारी चकती बसविलेली असते व ती १०० वॅटपर्यंत जाते. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा २४० वॅट झाली. हिशेबाच्या कामाच्या लॅपटॉपला ६५ वॅट देणारा मॉनिटर पुरतो. चित्रसंकलन करणाऱ्या मुलाचे दणकट यंत्र त्यावर भागणार नाही. त्याचा स्वतःचा चार्जर त्याने खुशाल वापरावा.

आता खऱ्या मर्माची गोष्ट. या तारेत वेगवान वाहतुकीच्या चार जोड्या असतात, म्हणजे चार गाडीवाटाच म्हणा. चारही वाटा चित्राला दिल्या तर पडदा भरघोस उजळतो, पण माहितीला बाजूची जुनी पायवाट तेवढी उरते, जिची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. मग मॉनिटरच्या पाठीवरील हजार मेगाबिटांचे नेटवर्क त्या पायवाटेने निम्म्याहूनही कमी वेगाने चालते. याउलट दोन वाटा चित्राला व दोन माहितीला दिल्या तर प्रिंटर, नेटवर्क, डिस्क सगळे धावू लागतात. पण थोड्या जुन्या यंत्रात त्या दोन वाटांतून सेकंदाला ८.६४ गिगाबिट एवढेच चित्र जाते, आणि फोर-के पडद्याला सेकंदाला साठ चित्रे दाखविण्यासाठी सुमारे १२ लागतात. परिणामी साठाऐवजी तीसच चित्रे येतात आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा भासतो. यंत्र बिघडले अशी समजूत होते. बिघडलेले काहीच नसते. अनेक मॉनिटरांच्या यादीत चित्राला प्राधान्य की माहितीला प्राधान्य, असा पर्याय असतो. तो कोणी उघडून पाहत नाही. नवीन यंत्रांत वाटाच रुंद झाल्या आहेत आणि थंडरबोल्टची मर्यादा ४० गिगाबिट वा त्याहून अधिक असल्याने तेथे ही ओढाताण उरत नाही. पण त्याचा पैसाही अधिक पडतो.

यावरून माझे मत असे झाले आहे की, ज्याचे काम आकडे वाचण्याचे आहे त्याने फोर-केच्या मागे न लागता ३४ इंची रुंद पडदा घ्यावा. त्याचे ठिपके ३४४० बाय १४४०. साठ चित्रांसह तो त्या दोनच वाटांतून सुखाने जातो आणि उरलेल्या दोन नेटवर्कला मोकळ्या राहतात. रुंदी जवळजवळ ८० सेंटिमीटर. डावीकडे खतावणी, मध्ये सरकारी तक्ता, उजवीकडे बँकेचा उतारा, अशी तिन्ही पाने उघडी चोपडी पसरावी तशी पसरून ताळा घेता येतो. पूर्वी दोन माणसे लागत, एक वाचणारा आणि एक टिंब घालणारा. आता ते काम एकटे दिवाणजी करतात. ते साठी उलटलेले आहेत, आणि अक्षर मोठे झाल्याचा आनंद त्यांनी जितका मानला तितका माझ्या मुलानेही मानला नाही.

येथवर सारे गोड. आता कडू घोट.

पेढीची मूळ माहिती आमच्या गल्ल्याजवळील संगणकावर असते व तो यूपीएसवर आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी. मॉनिटर मात्र भिंतीतील साध्या विजेवर लावलेला होता. नुसता पडदा तो, गेला तर गेला, अशी आमची समजूत. महिन्याची वीस तारीख होती, म्हणजे विवरणपत्राचा शेवटचा दिवस. मुलाने मॉनिटरच्या पाठीला डिस्क लावून माहितीची प्रत काढावयास घेतली आणि त्याच वेळी पलीकडच्या खिडकीत तो नोंदीही करीत होता. वळवाचा पाऊस सुरू झाला आणि वीज गेली. संगणक चालू, लॅपटॉप चालू. मधला मॉनिटर तेवढा मेला. दोन्ही तीर शाबूत आणि मधला पूल वाहून गेला, असा तो प्रकार. नेटवर्क त्याच्यातूनच येत असल्याने अर्धी नोंद अडकली, आणि डिस्क त्याच्याच विजेवर असल्याने प्रत अर्धवट लिहून थांबली. वीज परत आल्यावर डिस्क उघडेना. तिच्यावरच आधीच्या महिन्यांच्या प्रती होत्या. मूळ माहितीची दुरुस्ती करून घ्यावी लागली, दोन दिवसांच्या नोंदी बिलांवरून पुन्हा घातल्या, विवरणपत्र तीन दिवस उशिरा गेले. दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि करावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम मोठी नव्हती. पण चाळीस वर्षांत आमच्या पेढीचे एकही देणे तारखेनंतर गेले नव्हते, आणि ते एका पडद्याच्या तारेमुळे गेले, याची रुखरुख अजून आहे.

“अण्णा, पडद्याला कशाला यूपीएस, असं तुम्हीच म्हणाला होतात,” असे मुलगा म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते.

तेव्हापासून मॉनिटर यूपीएसवर आहे, आणि प्रत काढण्याची डिस्क थेट लॅपटॉपच्या अंगाला लावली जाते, मॉनिटरच्या नव्हे. कोणी म्हणेल की निराळा डॉक घेतला असता तर बरे. त्यात तथ्य आहे. मॉनिटर दुरुस्तीस गेला की आमची सगळी बैठक जाते, डॉक असता तर जुन्या पडद्यावर वेळ निभावली असती. पण डॉकलाही वीज लागतेच, आणि मेजावर आणखी एक पेटी व आणखी एक चार्जर येतो. ज्यांचे दोन-तीन पडदे आहेत त्यांनी डॉक घ्यावा. एका पडद्याच्या पेढीस मॉनिटर पुरे. मात्र जुनी एचडीएमआयची तार आणि लॅपटॉपचा मूळ चार्जर खणात राहू द्यावा.

दुसरा प्रसंग वेगळ्याच जातीचा. हिशेब तपासनिसांचा तरुण साहाय्यक मार्चअखेरीस आमच्याकडे बसला होता. त्याचा स्वतःचा लॅपटॉप लहान, मीच म्हटले, “बाळ, हा मोठा पडदा घे, डोळे कशाला शिणवतोस?” त्याने तांबड्या दोऱ्याची तार काढून आपल्या यंत्राला लावली. पडदा उजळला, कीबोर्ड चालू लागला, क्षणभरात आमचे नेटवर्कही त्याच्या यंत्रात शिरले. थोड्या वेळाने तो चपापून म्हणाला, “काका, तुमची डिजिटल सही माझ्या लॅपटॉपवर दिसतेय.”

विवरणपत्रावर सही करण्याचे बोटाएवढे टोकन आम्ही सोयीसाठी मॉनिटरच्या पाठीतच कायम खोचून ठेवले होते. ज्याची तार त्याचे टोकन. मॉनिटर मालक ओळखत नाही. मुलगा सज्जन होता म्हणून बोलला. टोकनला गुप्त आकडा असतो हे खरे, पण तो आकडा कोठे होता म्हणाल, तर दिवाणजींनी विसरू नये म्हणून टोकनवरच कागदाची चिठ्ठी डकवली होती.

वडिलांच्या वेळी पेढीचा शिक्का गल्ल्यात असे आणि गल्ल्याची किल्ली कमरेला. टोकन आता त्याच गल्ल्यात असते. चिठ्ठी मी त्याच दिवशी फाडली. दिवाणजींनी आकडा पाठ केला आहे, आणि दर महिन्याच्या विसाव्या तारखेस ते माझ्याकडे किल्ली मागावयास येतात.