बाबा यागाचं उखळ

रशियन चित्रकार इवान बिलीबिन यानं १९०० साली काढलेलं एक चित्र आहे. गर्द रानातून एक म्हातारी सुसाट निघाली आहे. केस पिंजारलेले, नाक बाकदार, अंगावर चिंध्या. ती उभी आहे लाकडी उखळात, आणि ते उखळ हवेतून चाललंय. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात झाडू. मुसळानं ती उखळ हाकते आणि झाडूनं मागचा माग पुसत जाते. ही बाबा यागा, रशियन परीकथांमधली सगळ्यांत नामांकित बाई. कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत ती राहते, आणि तिच्या कुंपणावर माणसांच्या कवट्या लावलेल्या असतात.

उखळ, मुसळ आणि केरसुणी ही आमच्या बीडकडे घरातली मानाची मंडळी. लग्नाआधी घाणा भरताना मुसळाला आंब्याचा डहाळा बांधून सुवासिनी हळकुंडं कांडतात. दिवाळीत केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची लक्ष्मी म्हणून पूजा होते. त्याच वस्तू हजारो कोसांवर एका चेटकिणीच्या हाती कशा लागल्या, या प्रश्नानं मला कित्येक वर्षं झपाटलंय. नीट वाचलं तर बाबा यागा निव्वळ चेटकीण नाहीच. वासिलिसा नावाची आईवेगळी पोर तिच्याकडे विस्तव मागायला येते, तेव्हा वाटेत तिला तीन घोडेस्वार दिसतात. एक पांढरा, एक तांबडा, एक काळा. दिवस, सूर्य आणि रात्र. तिघंही म्हातारीचे चाकर! दिवसाचं उगवणं-मावळणं जिच्या दारात राबतं, ती कधीकाळी देवीच असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते पटतं.

ते स्वारही बिलीबिननं एकेक करून रंगवले. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी काळ्या शाईची बारीक, कुठंही न थरथरणारी रेघ. मग त्या रेघेच्या आत जलरंग, एकमेकांत न मिसळता सपाट भरलेले. भोवती वेलबुट्टीची चौकट, तिच्यात रशियन खेड्यांमधलं भरतकाम आणि लाकडावरची कोरीव नक्षी. जपानी ठशांच्या चित्रांचाही त्याच्यावर दाट परिणाम होता. हात इतका स्थिर, की सोबती त्याला पोलादी हाताचा इवान म्हणत. गोष्टी त्यानं घेतल्या अफानास्येवच्या संग्रहातून. अलेक्सांद्र अफानास्येव यानं १८५५ ते १८६३ या काळात सुमारे सहाशे लोककथा आठ भागांत छापल्या होत्या. बिलीबिनची सहा पुस्तकं १९०१ ते १९०३ दरम्यान निघाली, तीही सरकारी नोटा जिथं छापल्या जात त्या छापखान्यातून. नोटेवरची रेघ जितकी नेमकी उमटायची, तितकीच वासिलिसाच्या पदरावरचीही उमटली.

याच पुस्तकांत कोशेई आहे. घोड्यावर बसलेला, हाडांचा सापळा झालेला, तलवार उपसलेला म्हातारा. त्याला मारता येत नाही, कारण त्याचं मरण त्याच्या देहात नाहीच. दूर बेटावर एक ओकवृक्ष, त्याच्या मुळाशी पेटी, पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडं, आणि अंड्यात कोशेईचं मरण. राजपुत्राच्या हाती ते अंडं लागतं. तो ते या हातातून त्या हातात टाकतो, आणि समोर कोशेई या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटत राहतो.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला इथं थांबावंच लागतं. राक्षसाचा प्राण पोपटात, पोपट सात समुद्रांपलीकडे, ही गोष्ट आपण ऐकलेली असते! आणि ती नुसती ऐकीव नाही. १८६५ च्या सुमारास मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर दख्खनच्या दौऱ्यात होती. सोबतीला ॲना लिबराता डिसूझा ही आया. तिचे आजोबा-पणजोबा मूळचे लिंगायत, पुढे गोव्याच्या बाजूला येऊन ख्रिस्ती झालेले. आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ॲनानं सांगितल्या, मेरीनं त्या लिहून घेतल्या, आणि १८६८ साली लंडनला पुस्तक निघालं. त्यातल्या पंचकिन नावाच्या जादूगाराचा प्राण घनदाट रानात आहे. तिथं ताडांचं रिंगण, मधोमध एकावर एक रचलेल्या सहा पाण्यानं भरलेल्या घागरी, त्यांच्या खाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट. मुलगा पोपटाचा उजवा पंख उपटतो, तर पंचकिनचा उजवा हात गळून पडतो. अंड्याला बसलेला हिसका कोशेईला बसतो, अगदी तसाच.

मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरनं देहाबाहेरच्या प्राणावर लिहिताना पंचकिन आणि कोशेई एकाच प्रकरणात बसवले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन गोष्टीतही नायकाचं काळीज झाडाच्या फुलावर ठेवलेलं सापडतं. गोष्ट कुठून कुठं गेली, यावर विद्वानांत एकमत नाही. थिओडोर बेन्फीनं १८५९ साली जवळपास सगळं श्रेय भारताला दिलं होतं, पण आज इतकं सरळ उत्तर कुणी देत नाही.

रशियाची चित्रं मात्र आपल्याकडे कोणत्या वाटेनं आली, हे सांगता येतं. मॉस्कोचं प्रगती प्रकाशन आणि १९८२ पासून रादुगा यांनी भारतीय भाषांत पुस्तकं छापली. मराठी अनुवादकांत अनिल हवालदार हे मोठं नाव. मुंबईचं लोकवाङ्मय गृह ती पुस्तकं प्रदर्शनांमधून महाराष्ट्रभर पोचवायचं. जाड कागद, भरभरून चित्रं, आणि किंमत खेड्यातल्या शिक्षकालाही परवडणारी. डाव्या चळवळीचे लोक आणि ही पुस्तकं एकाच रस्त्यानं हिंडत, आणि बीडमध्ये तो रस्ता रुंद होता. १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून इथूनच निवडून गेले, आणि १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला, आणि तो ओघ आटला.

आमच्या पोपटाला असा चित्रकार का मिळाला नाही? हात नव्हते म्हणावं, तर गेवराई तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण. पैठणी चित्रं म्हणून ओळखली जाणारी चित्रकथींची पानं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. बाजूनं दिसणारे चेहरे, टपोरे डोळे, भडक तांबडा रंग. एकेक पान समोर धरून चित्रकथी गोष्ट सांगत. पण त्या पानांवर राम, रावण आणि पांडवांचा वावर. आजीची गोष्ट आजीजवळच राहिली.

पालेख या रशियन खेड्यातही तसंच होतं. तिथले चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या देवळांसाठी ख्रिस्ताची आणि संतांची चित्रं काढत. १९१७ च्या क्रांतीनंतर ते काम संपलं, पोटाचा प्रश्न उभा राहिला. १९२४ साली त्यांनी सहकारी मंडळी उभी केली, आणि पुठ्ठ्याचे थर चिकटवून, जवसाच्या तेलात मुरवून, भाजून केलेल्या काळ्या डब्यांवर परीकथा रंगवायला घेतल्या. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले, वर सोन्याच्या रेघा, आणि त्या रेघांना झळाळी यावी म्हणून लांडग्याच्या दातानं घोटाई. देवादिकांसाठी तयार झालेला हात परीकथेतल्या अग्निपक्ष्याकडे वळला आणि जराही अवघडला नाही.

पैठणी रेघेतला पंचकिन मला पाहायचाय. बाजूनं दिसणारा त्याचा चेहरा, तो टपोरा डोळा, समोर मुलाच्या मुठीत हिरवा पोपट, आणि जमिनीवर पडलेला जादूगाराचा उजवा हात. पुढच्या पानावर डावा.