पंखा घोंगावतोय? प्रोसेसरला जरा लगाम घाला

डेस्कटॉप तापून पंखा घोंगावायला लागला की बरेच जण थेट नवा कूलर शोधतात. त्याआधी प्रोसेसरचा वेग थोडा कमी करून बघा. फुकटात होतं!

चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. आणि शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ गाठायलाच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून वरचा थोडा वेग सोडला की उष्णता त्याहून कितीतरी जास्त उतरते.

एएमडीचा २०२२ सालचा रायझन ९ ७९५०एक्स घ्या. तो २३० वॉटपर्यंत वीज ओढतो आणि ९५ अंशांपर्यंत तापणं त्याच्या रचनेतच गृहीत धरलंय (मला काही हे पटत नाही). बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड निवडला की ही मर्यादा ८८ वॉटवर येते. ब्राउझर, टायपिंग अशा रोजच्या कामात फरक जाणवत नाही. व्हिडिओ रेंडरिंगला मात्र वेळ जास्त लागतो.

बायोसला हात लावायचा नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक प्रोसेसरचा टर्बो एवढ्यानंच बंद होतो. तरीही आवाज येतोय? मग कॅबिनेट उघडून धूळ काढा.