गोठ्यांतील दिवा कां विझला?

घरांतील दिवा बिघडला तर तो आपण तत्काळ दुरुस्त करवितों. परंतु घरापासून अलग असलेल्या गोठ्याकडे अथवा पंपाच्या खोलीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः धोका तेथेंच अधिक. भिंती ओल्या, जमीन मातीची, आणि वावरणारे बहुधा अनवाणी. म्हणून अशा जागेंतील विजेच्या बिघाडाचीं कारणें कशीं ओळखावीं, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचाच अनुभव सांगतों. मृगाच्या पहिल्या सरीनंतर एके सायंकाळीं आमच्या गोठ्यांतील दिवा लागेना. घरांतील दिवे मात्र नीट चालले होते. ‘गोठ्यांत वीज नाहीं, मग भीति कसली?’ असें म्हणून आमचा धाकटा बंधु अनवाणी स्टुलावर चढला व होल्डर उघडूं लागला. तेवढ्यांत वडिलांनीं त्यास खालीं उतरविलें आणि वायरमनास बोलावणें पाठविलें. वायरमननें बोर्डावरील प्लगच्या एका छिद्रांत टेस्टर घातला, तो उजळला. दुसऱ्या छिद्रांत घातला, तेथेंही उजळला! दोन्हीकडे वीज, आणि दिवा मात्र विझलेला!

या कोड्याचा उलगडा सोपा आहे. वीज फेज तारेनें येते, दिव्यांतून जाते व न्यूट्रल तारेनें परतते. पाटाचें पुढील तोंड बुजलें तर पाणी वाहत नाहीं. पण पाट भरलेलाच राहतो. त्याचप्रमाणें न्यूट्रल तार तुटली कीं प्रवाह थांबतो व दिवा विझतो; परंतु २३० व्होल्टांचा दाब दिव्यांतून पलीकडील तारेपर्यंत पोंचलेला असतो. अशा तारेस जो स्पर्श करील, तोच विजेची परतीची वाट होतो.

वायरमनास दोन दोष सांपडले. घर व गोठा यांच्या मधोमध तारेस जोड होता. त्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. पाणी शिरून तांबें हिरवें पडलें व न्यूट्रल तुटली. दुसरा दोष याहून भयंकर होता. कोणीं तरी प्लगमध्यें अर्थ व न्यूट्रल या तारा एकत्र बांधल्या होत्या! त्या वेळीं तेथें पंप जोडलेला असता, तर त्याच्या लोखंडी अंगांतच वीज उतरली असती. अर्थची तार स्वतंत्रपणें जमिनींत पुरलेल्या पट्टीस अथवा नळीस जोडलेली असावी. न्यूट्रल तिच्या जागीं चालत नाहीं.

आणखी तीन लक्षणें ध्यानांत ठेवावीं. पंप सुरू होतांच दिवा मंद होत असेल, तर तार बारीक अथवा जोड सैल समजावा. जर्मनींत शाळेंत शिकविणाऱ्या ओम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें याचा हिशेब करतां येतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ५० मीटर नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटर होते; तिचा विरोध सुमारें १.२ ओम. १० अँपिअर प्रवाह घेतला कीं १२ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. दुसरें, फ्यूज वारंवार जात असेल तर भार अधिक अथवा तारा एकमेकींस चिकटलेल्या. त्यांत जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून ठेवणेंच होय. तिसरें, गळती ओळखणारा आर.सी.सी.बी. स्विच पुनःपुन्हां पडत असेल, तर सर्व प्लग काढून तो चढवावा व एकेक वस्तु पुन्हां जोडावी. जी जोडतांच तो पडेल, ती दोषी. एकही वस्तु नसतां पडला, तर दोष तारांतच आहे. हा स्विच ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. आमच्या घरीं तो पूर्वीं नव्हता. आतां बसविला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, लक्षणें पाहणें व तीं वडीलधाऱ्यांस नीट सांगणें एवढें आपलें काम. तारांस हात लावणें हें जाणत्या वायरमनचें, आणि तेंही मेन स्विच बंद केल्यावर. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असें कधींही समजूं नये. त्या सायंकाळीं आमच्या घरीं सर्वांचीच ती समजूत होती, आणि ती आम्हांस फार महाग पडावयाची होती.